ताकापासून कोंबुचापर्यंत : ग्लूटेन चालत नसेल तर आंबवलेलं पेय कसं पारखायचं

माझा सिलिॲकचा (गहू-सातूतल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होण्याच्या आजाराचा) रिपोर्ट आला त्या आठवड्यात माझ्या ताटातून पोळी गेली, ब्रेड गेला, रव्याचा उपमा गेला. ताक राहिलं. ताकात कुठला आलाय गहू? उलट पोट सुधारायचं म्हणजे ताक वाढवायलाच हवं, यावर घरात सगळ्यांचं एकमत झालं. सासूबाई दुपारी रवीने ताक घुसळायच्या आणि वर जिरं, कढीपत्ता, सढळ हाताने हिंग अशी तुपाची फोडणी ओतायच्या. मी दिवसाला तीन-तीन भांडी प्यायचे.

सहा महिन्यांनी टीटीजीची (सिलिॲकमध्ये रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी पुन्हा केली. आकडा उतरला होता, पण उतरायला हवा तेवढा नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डबीचा आणि पाकिटाचा मागच्या बाजूने फोटो मागवला. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं : गव्हाचं पीठ, खाण्याचा डिंक, हिंग. याच क्रमाने. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. म्हणजे त्या डबीत हिंगापेक्षा गहू जास्त होता, आणि तो रोज माझ्या ताकात पडत होता.

त्यानंतरच्या तीन वर्षांत ताक, आंबील, कांजी, केफिर (आंबवलेलं दूध), कोंबुचा (आंबवलेला चहा), प्रोबायोटिकच्या म्हणजे जिवंत जिवाणूंच्या चिमुकल्या बाटल्या असं एकेक करून पारखत गेले. काही चुका केल्या, काही पैसे वाया घालवले. नव्याने निदान झालेल्या कुणाला तेवढा फेरा पडू नये म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध, तपासणी आणि तुमच्या आतड्याची अवस्था हे विषय तुमच्या पोटविकारतज्ज्ञांकडेच ठेवा.

सुरुवातीला जवळ काय हवं

- तुमचे रिपोर्ट : टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए आणि एंडोस्कोपी झाली असेल तर बायोप्सीचा. तारखेनुसार एका फाइलमध्ये.
- एक साधी वही. काय प्यायलं, किती, कधी, नंतर काय झालं.
- मोबाइलचा कॅमेरा. बाटलीवरची अक्षरं फोटो काढून मोठी केल्याशिवाय वाचता येत नाहीत, चष्मा असो वा नसो.
- विरजणासाठी वेगळं भांडं, वेगळा चमचा, वेगळी गाळणी. स्टीलचं किंवा काचेचं घ्या. लाकडी रवी जुनी असेल तर बदला.

१. आधी तुमचा त्रास कुठला ते नक्की करा

‘मला ग्लूटेन चालत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी राहतात. सिलिॲकमध्ये ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. गव्हाची ॲलर्जी हे वेगळं प्रकरण आहे, त्यात अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं तातडीने होऊ शकतं. तिसरा प्रकार, रिपोर्ट सगळे नॉर्मल पण गहू खाल्ला की पोट फुगतं. त्याला सिलिॲकविरहित ग्लूटेन संवेदनशीलता म्हणतात, आणि त्यातल्या काहींना खरा त्रास ग्लूटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या कर्बोदकाचा असतो.

पेय निवडताना हा फरक फार कामाचा आहे. सिलिॲक असेल तर अंशमात्रही मोजायचा. तिसऱ्या प्रकारात थोडी ढील मिळते, पण तिथे ग्लूटेन अजिबात नसलेलं पेयसुद्धा गॅस करू शकतं.

इथला मोठा सापळा : तपासणीच्या आधीच गहू सोडणं. शेजारच्या काकूंना बरं वाटलं म्हणून पोळी बंद केली आणि दोन महिन्यांनी रक्त तपासलं, तर टीटीजी खोटाच नॉर्मल येऊ शकतो. तपासणी गहू खात असतानाच व्हायला हवी. अजून निदान झालं नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

२. आंबवल्याने ग्लूटेन जात नाही, हे डोक्यात पक्कं करा

हा समज मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. ‘अगं, आंबलं की जिवाणू ते खाऊन टाकतात.’ जिवाणू मुख्यतः साखर खातात. प्रथिनांचे काही प्रमाणात तुकडे होतात, हे खरं. पण गव्हातलं ग्लायाडिन, सातूतलं होर्डिन, राय (गव्हासारखं परदेशी धान्य, आपली राई-मोहरी नव्हे) यातलं सेकॅलिन ही ग्लूटेन प्रथिनं चिवट असतात. तुकडे झाले तरी त्यातले कित्येक तुकडे आतड्याला त्रास द्यायला पुरेसे मोठे उरतात. प्रयोगशाळेत निवडक जिवाणू आणि विकरं वापरून ग्लूटेन खूप खाली आणता येतं, पण ते तुमच्या ओट्यावरच्या बरणीत घडत नाही.

आणि यापुढचा भाग बहुतेकांना माहीत नसतो. पदार्थ आंबला की त्यातलं ग्लूटेन मोजणंही अवघड होतं. ग्लूटेन तपासण्याची जी नेहमीची पद्धत आहे, सँडविच एलायझा, ती प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते, चिमट्याने धरावं तशी. प्रथिनाचे तुकडे झाले की दुसरी पकडच मिळत नाही, आणि ग्लूटेन असूनही आकडा कमी येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२० मध्ये याच कारणाने नियम केला : आंबवलेल्या पदार्थावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं असेल, तर आंबवण्याच्या आधी सगळा कच्चा माल ग्लूटेनमुक्त होता याची नोंद कंपनीने ठेवायची. तयार मालाच्या चाचणीवर भागणार नाही.

मी पुढे सगळीकडे हाच एक प्रश्न विचारते : आंबण्याच्या आधी भांड्यात काय होतं? चव, रंग, फेस, ‘पचायला हलकं’, यातलं काहीही उत्तर म्हणून चालत नाही.

३. सातूची सोंगं ओळखा

गव्हापेक्षाही सातू जास्त लपून राहतो. बार्ली, जव, यव, सातू ही सगळी एकाच धान्याची नावं आहेत, आणि नुसतं ‘माल्ट’ म्हणजे बहुधा मोड आणलेला सातूच. त्यात मराठी माणसाची खास पंचाईत अशी, की आपल्याकडचं ‘सातूचं पीठ’ अनेक घरांत गहू आणि डाळं भाजून करतात, आणि उत्तरेतला ‘सत्तू’ बहुधा भाजलेल्या हरभऱ्याचा असतो. नाव जवळपास तेच, पण एक चालत नाही आणि दुसरं चालू शकतं. पाकीट वाचल्याशिवाय दोन्ही घेऊ नका.

लेबलवर हे शब्द दिसले की बाटली परत फळीवर :

- माल्ट, माल्ट अर्क, माल्टेड बार्ली, माल्ट व्हिनेगर
- गहू, मैदा, सुजी, दलिया, व्हीट डेक्स्ट्रिन (‘प्रीबायोटिक फायबर’ म्हणून घातलेलं असतं)
- राय, स्पेल्ट (गव्हाचाच एक प्रकार), खपली
- साधे ओट्स. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसतं, पण शेतापासून गिरणीपर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात. ग्लूटेनमुक्त म्हणून प्रमाणित केलेलेच ओट्स, तेही डॉक्टरांना विचारून.

खपलीबद्दल मुद्दाम थांबते. ‘जुनं वाण आहे, यात ग्लूटेन नसतं’ असं सांगून खपली गहू विकणारे मला पुण्याच्या प्रदर्शनांत दरवर्षी भेटतात. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. मधुमेहाच्या माणसाला तो कदाचित आवडेल, सिलिॲकवाल्याला नाही.

उलट बाजूने, घाबरू नये असे शब्द : माल्टोडेक्स्ट्रिन बहुधा मक्यापासून होतं आणि माल्टशी त्याचं नात्यापुरतंही नातं नाही. ‘नाचणी माल्ट’ म्हणजे मोड आणून दळलेली नाचणी. घटकांत फक्त नाचणी असेल तर तिथे प्रश्न धान्याचा उरत नाही, दळण्याचा उरतो, आणि तो पुढे येतोच आहे.

एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद पदार्थात गहू, राय, सातू, ओट्स, स्पेल्ट असेल तर ते ॲलर्जीकारक म्हणून वेगळं लिहावं लागतं. घटकांच्या यादीखाली ‘यात आहे’ अशा अर्थाची ओळ शोधा. आणि हो, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढंच. गहूही शाकाहारीच आहे. (हसू नका, पहिल्या महिन्यात मी हिरवा ठिपका बघून एक बाटली आणली होती.)

४. आता एकेक पेय

*ताक, मठ्ठा, लस्सी*

दूध, विरजण, पाणी. यात ग्लूटेन नाही. जे येतं ते वरून येतं. हिंगाचं सांगितलं. बाजारातला बहुतेक हिंग ‘बांधणी’चा असतो, म्हणजे मूळ डिंकात पीठ आणि खाण्याचा डिंक मिसळून सौम्य केलेला. पीठ कधी मैद्याचं, कधी तांदळाचं. आता तांदळाच्या पिठाचा हिंग सर्रास मिळतो, तो घ्या. ‘खडा हिंग आहे, म्हणजे शुद्ध’ असं समजू नका, बांधणीचा हिंगही खड्यांच्या रूपात विकला जातो.

एवढ्याशा चिमटीने काय होतं, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी पाटीवर हिशोब मांडून दाखवला. चिमूट पाव ग्रॅम धरा. त्यात निम्मा मैदा. मैद्यात ग्लूटेन दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका चिमटीत १२ मिलिग्रॅम. सिलिॲकच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने गेलं तर आतड्याला इजा होते असं दिसलं आहे, आणि दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सर्वसाधारणपणे मानतात. आमटीत एक चिमूट, भाजीत एक, ताकात सढळ दोन. चौघांत वाटलं तरी माझ्या वाट्याला दहा-बाराच्या घरात आलंच, आणि ताक तर मी एकटीच तिप्पट पीत होते. माझा आकडा केवळ हिंगाने अडला असं छातीठोक सांगत नाही. पण डबी बदलल्यावरच्या तपासणीत तो नीट उतरला.

पाकिटातलं मसाला ताक घेताना घटकांत हिंगाचं नाव आलं, तर कंसात काय आहे ते बघा. कंस नसेल तर साधं ताक घ्या आणि मीठ-जिरं घरी घाला. फळांच्या स्वादाची, चॉकलेटची किंवा ‘माल्ट’ स्वादाची दह्याची पेयं वेगळी वाचायची.

विरजणाचंही ऐका. आमच्याकडे कणीक तिंबता तिंबता दुधाला विरजण लावलं जायचं. तेच हात, तोच चमचा. आता दुधाला विरजण लावण्याचं काम कणकेच्या आधी होतं.

*आंबील*

ज्वारी, नाचणी दोन्ही निर्धोक धान्यं. आंबील मला मनापासून आवडते आणि तिनेच मला सगळ्यात जास्त शिकवलं, कारण ती थेट गिरणीत घेऊन जाते.

गिरणी नीट बघितली आहे का कधी? पीठ जिथून पडतं तिथे कापडी नळी बांधलेली असते. तिच्या घड्यांत, दगडांच्या फटीत आधीच्या दळणाचं पीठ बसलेलं असतं. आपण पूर्वापार ‘गव्हावर टाका’, ‘ज्वारीवर टाका’ असं सांगत आलो ते चवीसाठी. आता ते तब्येतीसाठी सांगायचं, पण तेवढंही पुरत नाही. ज्वारीवर ज्वारी टाकली, तरी त्या ज्वारीच्या आधी गहूच होता. गिरणीवाले काका म्हणाले, ‘ताई, मी पहिलं किलोभर तुमच्याच ज्वारीचं बाजूला काढतो, मग तुमचं देतो.’ भला माणूस. पण हवेत तरंगणारं पीठ कोण बाजूला काढणार?

मला सापडलेले मार्ग असे. काही गिरण्यांत उपासाच्या दळणाला वेगळी चक्की असते, तिच्यात राजगिरा, वरई, साबुदाणा एवढंच जातं. तिथे नाचणी घेतील का, विचारून बघा. उपासाच्या चक्कीत नाचणी घालायला माझ्या गिरणीत नकार मिळाला, दोन गल्ल्या सोडून दुसरीत होकार. दुसरा मार्ग घरघंटी, जिच्यात गहू कधीच पडलेला नाही. तिसरा आणि स्वस्त : नाचणी निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरमध्ये दळा. निवडताना ताटात गव्हाचे दाणे सापडतातच. पहिल्यांदा अर्धा किलो नाचणीत मला सात सापडले होते.

आंबिलीची आणखी एक गंमत. पीठ रात्रभर आंबवून सकाळी शिजवलं की त्यातले जिवाणू मेले. चव राहते, आंबट गुण राहतो, जिवंत जिवाणू राहत नाहीत. ते हवे असतील तर आंबील गार झाल्यावर वरून ताक घाला. आमची आजी तसंच करायची, तिला प्रोबायोटिक हा शब्द माहीत नव्हता.

*कोंबुचा*

चहा, साखर आणि जिवाणू-यीस्टची जाडसर साय, जिला स्कोबी म्हणतात. धान्य नाही. तरी तीन ठिकाणी बघा. एक, बिअरच्या चवीचे प्रकार, ज्यांत माल्ट घातलेला असू शकतो. दोन, जिथे बिअर गाळतात तिथेच बनवलेला कोंबुचा. तीच टाकी, तोच नळ असेल का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तीन, मैत्रिणीने दिलेली स्कोबी. तिने ती कुठल्या चहात वाढवली? जपानी पद्धतीचा भाजलेल्या बार्लीचा चहा मिळतो, त्यात वाढवलेली असेल तर नको.

*केफिर*

‘केफिरचे दाणे’ हे नाव ऐकून माझ्या ओळखीच्या एका सिलिॲकवाल्या मुलीने ते घ्यायचंच नाकारलं होतं. ते दाणे म्हणजे धान्य नाही. जिवाणू आणि यीस्ट एकत्र चिकटून फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे गोळे होतात, त्यांना दाणे म्हणतात. दुधातलं केफिर ग्लूटेनमुक्त. दाणे कुणाकडून आणले असतील तर आधी एक-दोन वेळा दूध बदलून ते दूध फेकून द्या.

*कांजी*

गाजर, बीट, मोहरी, मीठ, पाणी, चार दिवस ऊन. उत्तरेकडचं पेय, पण आता आपल्याकडेही हिवाळ्यात बरण्या दिसतात. मोहरीची तयार पूड घेऊ नका, कारण तयार पुडींत कधीकधी पीठ मिसळलेलं असतं. मोहरी घरी वाटायला दोन मिनिटं लागतात.

*प्रोबायोटिकच्या छोट्या बाटल्या, पुड्या, कॅप्सूल*

दुधाच्या बाटल्यांचे घटक सहसा मोजके असतात आणि लेबल वाचून निकाल लागतो. पुड्या आणि कॅप्सूल मात्र जरा संशयाने बघा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सिलिॲक केंद्राने २०१५ मध्ये खपाच्या २२ प्रोबायोटिक गोळ्या-पुड्या तपासल्या, त्यातल्या १२ मध्ये ग्लूटेनचा अंश सापडला. बहुतेकांत तो मर्यादेच्या आत होता, सगळ्यांत नव्हता, आणि त्यातल्या कित्येकांवर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलं होतं.

*सरळ नाही म्हणायची पेयं*

क्वास : रशिया-युक्रेनकडे रायच्या ब्रेडपासून करतात. एमबीबीएसला तिकडे गेलेल्या मुलांच्या पालकांनी हे मुलांना कळवून ठेवा, कारण उन्हाळ्यात तो रस्त्यावर टाकीतून पेल्याने मिळतो आणि दिसायला निरुपद्रवी असतो. बीटचा क्वास धान्याशिवाय होतो, पण काहीजण त्यात ब्रेडचा तुकडा टाकतात. रेजुवेलॅक : मोड आलेल्या गव्हाचं आंबवलेलं पाणी, निसर्गोपचाराच्या शिबिरांत भेटतं. बिअर अर्थातच. विकराने ग्लूटेन ‘कमी केलेली’ बिअरही माझ्या यादीत नाहीच, दुसऱ्या टप्प्यात सांगितलेल्या मोजणीच्या अडचणीमुळे.

आयुर्वेदातल्या आंबवलेल्या कल्पांतही सौवीर आणि तुषोदक सातूचे, आरनाळ गव्हाचं. आसव-अरिष्ट बहुतेक गूळ आणि धायटीच्या फुलांवर आंबतात, तरी बाटलीवर ‘यव’ दिसतो का बघा आणि वैद्यांना तुमचं निदान सांगा.

सोलकढी आंबवलेली नसते, ती या यादीत शोधू नका. खुशाल प्या.

५. ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलं असेल तर

भारतात ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, म्हणजेच २० पीपीएमपर्यंत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादाही तीच. २०० मिलिलिटरच्या पेल्यात अगदी काठावरचं ग्लूटेन असलं तरी ते ४ मिलिग्रॅम भरतं. एक पेला ठीक. पण दिवसभरात सगळंच ‘काठावरचं’ खाल्लं-प्यायलं तर बेरीज होते, हे विसरू नका. ‘कमी ग्लूटेन’ असा वेगळा वर्ग आहे, २० ते १०० पीपीएमचा. सिलिॲकसाठी तो नाही.

कंपनीने प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवला तर दोन गोष्टी बघा : तपासणी कच्च्या मालाची आहे की तयार पेयाची, आणि पद्धत कुठली. आंबवलेल्या पदार्थाला ‘कॉम्पिटिटिव्ह एलायझा’ त्यातल्या त्यात बरी, कारण तिला प्रथिनाची एकच पकड पुरते. ज्या पेयात धान्यच नाही, तिथे मी एवढी खोलात जात नाही. तिथे फक्त जागा आणि यंत्रं कुणाशी सामाईक आहेत, एवढं पुरे.

६. कंपनीला विचारा, लेखी विचारा

फोनवर ‘हो मॅडम, हंड्रेड परसेंट नॅचरल’ एवढंच उत्तर मिळतं. एकदा एका छोट्या उत्पादकाने मला फोनवर ‘काहीच नाही त्यात’ असं सांगितलं आणि ईमेलवर तिसऱ्या दिवशी कळवलं की त्याच शेडमध्ये ते माल्टचं पेयही भरतात. तेव्हापासून फक्त ईमेल. मजकूर हा घ्या :

‘नमस्कार. मला सिलिॲक आहे. आपल्या (पेयाचं नाव) बद्दल कृपया कळवावे : १) आंबवण्याआधीच्या कच्च्या मालात गहू, सातू, राय, ओट्स किंवा माल्ट आहे का? २) विरजण किंवा जिवाणूंचं कल्चर कशावर वाढवलं आहे? ३) स्वाद, मसाला, हिंग यांतले उपघटक कोणते? ४) त्याच यंत्रांवर किंवा जागेत ग्लूटेन असलेलं दुसरं काही बनतं का? ५) ग्लूटेनची तपासणी कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या पद्धतीने होते?’

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर समजा त्यांना स्वतःलाच माहीत नाही. उत्तर आलं की तारखेसह फाइलला लावा, आणि बाटलीचं रूप बदललं की पुन्हा विचारा. घटक गुपचूप बदलतात.

७. पहिला घोट कसा घ्यावा

नव्या निदानानंतर लगेच पाच पेयं सुरू करू नका. एका वेळी एक. पहिले तीन-चार दिवस पाव पेला, मग अर्धा, असं दोन आठवडे. वहीत रोज दोन ओळी.

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. सिलिॲकमध्ये आतड्याच्या ज्या बारीक केसाळ टोकांना इजा होते, तिथेच दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तयार होतं. टोकं भरून येईपर्यंत दूध, कधी ताकही, झेपत नाही. ताक प्यायल्यावर पोट गुडगुडलं म्हणजे ग्लूटेनच गेलं असं नाही. काही आठवडे-महिन्यांनी तेच ताक चालायला लागतं. कोंबुचातला वायू, प्रीबायोटिक (जिवाणूंचं खाद्य) म्हणून घातलेलं इन्युलिन हे फायबर, यांनीही पोट फुगतं.

आणि याची उलट बाजू जास्त धोक्याची : काहीच झालं नाही म्हणजे पेय निर्धोक, असंही नाही. सिलिॲकवाल्या अनेकांना ग्लूटेन गेलं तरी पोटात काही कळत नाही, आतलं नुकसान चालूच राहतं. ‘मी पिऊन बघितलं, मला चाललं’ हा पुरावा इथे बाद. तुमचं पोट एक साक्षीदार, टीटीजीचा आकडा दुसरा आणि लेबल तिसरं. तिघांचं जुळायला हवं.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, किमोथेरपी चालू असेल, तर जिवंत जिवाणूंचं कुठलंही पेय, विशेषतः घरच्या बरणीतलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रोबायोटिकने सिलिॲक बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. उपचार एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे : आयुष्यभर ग्लूटेन बंद.

८. लग्नातला मठ्ठा

हा टप्पा कुणी लिहीत नाही, आणि अडायला तर इथेच होतं. जिलेबी नाकारली तरी मठ्ठ्याचा आग्रह होतो. मठ्ठ्यात हिंग असतो, आणि वाढणाऱ्याचा डाव जिलेबीच्या परातीशेजारी फिरत असतो. पंगतीत बसून चौकशी करू नका, वाढपी मुलगा बिचारा ‘काही नाही ताई, दहीच आहे’ एवढंच सांगणार. जेवणाच्या तासभर आधी मुदपाकखान्यात जा. आचाऱ्याला घुसळलेलं साधं ताक, मसाला पडायच्या आधी, एका स्वच्छ पेल्यात काढून ठेवायला सांगा.

गेल्या वैशाखात चुलत नणंदेच्या लग्नात मी असंच विचारायला गेले. आचारी पन्नाशीचे, हात कोपरापर्यंत मैद्याने पांढरे. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि त्याच हाताने माझ्यासाठी पेला उचलला. मी हसून ‘राहू द्या काका’ म्हटलं आणि पर्समधली माझी ताकाची बाटली काढली. ते माझ्याकडे बघतच राहिले, मग हात धुवायला नळाकडे गेले.